वाचनालयाची वास्तू आणि बसायचा हक्क

जुन्या वाचनालयाच्या इमारतीचं करायचं काय, हा विषय निघाला की सोलापुरात दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं उत्तर असं: आता वाचतो कोण? पाडा, व्यापारी संकुल बांधा, खाली गाळे काढा आणि वर एक हॉल वाचनालयाला द्या. दुसरं उत्तर सुसंस्कृत समजलं जातं. इमारत वारसा आहे, ती जपा. आत कलादालन करा, छोटं संग्रहालय करा, एखादं कॅफे काढा, रात्री दर्शनी भिंतीवर दिवे सोडा. पहिल्या उत्तराशी भांडणारी माणसं शहरात आहेत. दुसऱ्याशी कुणीच भांडत नाही. मला ते भांडण जास्त गरजेचं वाटतं, कारण दोन्ही उत्तरांच्या मुळाशी समजूत एकच आहे: वाचनालयाचा उपयोग संपला, आता उरली ती इमारत.

ही समजूत उथळ आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीत सर्वांत मोलाचा असतो तो तिथं बसायचा हक्क. कुणीही यावं, काही विकत न घेता, कुणाची चिठ्ठी न आणता टेबलाशी बसावं आणि कुणी उठवू नये. इमारतीचा नवा वापर ठरवायचा तर हा हक्क शाबूत ठेवून ठरवावा. बाकी सगळं हलवता येतं, अगदी पुस्तकांची कपाटंसुद्धा.

१. इमारत रिकामी नाही

‘वाचतो कोण’ असं म्हणणाऱ्यानं जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्या वाचनालयात सकाळी लवकर जाऊन पाहावं. देवघेवीच्या खिडकीपाशी शुकशुकाट असतो, हे खरं. पण आतल्या दालनात खुर्ची मिळत नाही. टेबलावर पाण्याची बाटली, प्लास्टिकच्या पिशवीत डबा, राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक, कडेला पेन्सिलीनं केलेल्या खुणा, आणि टेबलाखालून लांब ओढत आणलेली चार्जरची वायर. ही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली आहेत. त्यांची पुस्तकं त्यांची स्वतःची आहेत, त्यामुळे देवघेवीच्या रजिस्टरात त्यांचं नाव कुठंच येत नाही. आपण रजिस्टर पाहतो आणि वाचनालय ओस पडलं असा निष्कर्ष काढतो.

म्हणजे वापर बदलून झालेला आहे. ठराव न होता, आराखडा न निघता, वास्तुविशारदाला न विचारता लोकांनी तो बदलला. पूर्वी माणूस पुस्तकासाठी यायचा आणि जाता जाता बसायचा. आता तो बसण्यासाठी येतो. गल्लोगल्ली निघालेल्या खासगी अभ्यासिका काय विकतात? प्लायवुडचा एक कप्पा, एक दिवा, एक खुर्ची आणि शांतता. महिन्याला पैसे भरून मुलं ते घेतात. बसायच्या जागेला बाजारात भाव आलेला असताना ती जागा फुकट देणारी शहरातली जुनी संस्था कालबाह्य झाली, असं म्हणणं मला समजत नाही.

सोलापुरात याला आणखी एक धार आहे. हे गिरण्यांचं, यंत्रमागाचं आणि विडीचं गाव. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत राहण्याची आणि कामाची जागा एकच आहे. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, शेजारच्या शेडमध्ये मागाचा खडखडाट चालू असतो, आणि त्याच खोलीत मुलीला परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. कुंभारीच्या माळावर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत आखली गेली; २०२४ च्या जानेवारीत तिथल्या पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं ही फार मोठी गोष्ट झाली. पण चार-पाच माणसांच्या त्या घरातही अभ्यासाचं टेबल कुठं मांडायचं हा प्रश्न राहतोच. अशा शहरात वाचनालयाचं दालन ही घराचीच एक खोली असते. फक्त ती घराबाहेर असते.

२. ग्रंथालयं वाढलीच मुळी दुसऱ्याच्या घरात

जुन्या वास्तूचा नवा वापर ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. महाराष्ट्रातल्या वाचनालयांचा इतिहास वेगळं सांगतो. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ साली सुरू झालं ते पेशव्यांच्या बुधवार वाड्यात. १८७९ च्या आगीत तो वाडा जळाला, संस्था मात्र जगली. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा भरू लागली. मुंबईची एशियाटिक सोसायटी १८०४ ची, पण तिचा ग्रंथसंग्रह ज्या भव्य पायऱ्यांमागे आहे तो टाऊन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. वाचनालय ही संस्था आधी आली, तिच्यासाठी इमारत नंतर आली किंवा आलीच नाही.

यातून मी एक गोष्ट घेतो. वाचनालयाचं सातत्य भिंतींत नसतं. भिंती जळाल्या तरी ते टिकतं आणि भिंती चकचकीत राहूनही ते मरू शकतं.

मुंबईत काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची कहाणी सोलापूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १८४७ मध्ये ती संस्था काढली ती टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण यंत्रकामगारांनी. दगडी इमारत आली १८७० मध्ये. अलीकडे तिचं मोठं जतनकाम झालं. मूळचं उतरतं छप्पर काढून मधल्या काळात घातलेला काँक्रीटचा स्लॅब गेला, छप्पर पुन्हा उतरतं झालं, आणि २०२३ मध्ये दारं उघडली ती वाचनालयाचीच. शहरातल्या महागड्या भागात ती जागा आहे. तिथं काय काय काढता आलं असतं! तरीही खुर्च्या राहिल्या.

३. इंद्रभुवनाचा दाखला कुठवर चालतो

सोलापुरात पुनर्वापराची चर्चा इंद्रभुवनाशिवाय पुढं जात नाही, आणि ते योग्यच आहे. वारद कुटुंबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ती देखणी कोठी महापालिकेची कचेरी झाली, आणि स्मार्ट सिटीच्या निधीतून तिची डागडुजीही झाली. भैय्या चौकाजवळचं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर स्मारक झालं. दोन्ही कामं शहराला भूषण आहेत. पण त्यावरून ‘मग वाचनालयाच्या इमारतीतही काहीतरी चांगलं काढू’ असं म्हणता येत नाही.

का, ते नीट पाहू. इंद्रभुवन एका श्रीमंत कुटुंबाचं घर होतं. सामान्य माणसाला तिथं पाऊल टाकायची मुभा नव्हती. कचेरी झाल्यावर पाणीपट्टीची तक्रार घेऊन येणारा माणूसही त्या जिन्यावरून चढू लागला. कोटणीसांचं घर एका कुटुंबाचं होतं, ते सगळ्यांचं झालं. दोन्ही ठिकाणी दार अधिक उघडलं. वाचनालयाचं दार आधीच पूर्ण उघडं आहे. तिथं तिकीट लावलेलं संग्रहालय आलं, कॅफे आलं, भाड्याचं सभागृह आलं, तर दार तेवढं मिटतं. पुनर्वापर चांगला की वाईट हे इमारत किती सुंदर दिसते यावरून ठरवू नये. आधी कोण आत येऊ शकत होतं आणि आता कोण येऊ शकतं, हे मोजावं.

वाचनालयाची इमारत दुसऱ्या कामाला देणं प्रत्येक वेळी चूकच असतं, असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्कचं अॅस्टर ग्रंथालय १८५४ मध्ये उघडलं. १९११ मध्ये शहराचं नवं मध्यवर्ती ग्रंथालय झालं, पुस्तकं तिकडं गेली. १९२० च्या दशकात ती जुनी इमारत नव्यानं आलेल्या ज्यू निर्वासितांचं आश्रयस्थान झाली आणि १९६७ मध्ये तिथं नाट्यगृह उभं राहिलं. क्रम लक्षात घ्या: वाचकांसाठी आधी मोठी जागा झाली, मग जुनी रिकामी केली. पणजीतही १८३२ पासूनचं मध्यवर्ती ग्रंथालय जुन्या वास्तूतून हललं ते पाट्टोवर प्रशस्त इमारत तयार झाल्यावर. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. ‘तात्पुरतं’ स्थलांतर होतं, पुस्तकं पोत्यांत भरली जातात, वाचक पांगतात, आणि परतायची तारीख कुणी लिहून ठेवलेली नसते.

४. वजन, हवा आणि चुना

आता इमारतीच्या आत जाऊ. हक्काची गोष्ट करणाऱ्यांनी तांत्रिक बाजू सोडून दिली की ती ठेकेदाराच्या हातात जाते.

आधी वजन. कागद भयंकर जड असतो. आजच्या भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. ग्रंथांच्या कपाटांच्या खोलीला किमान ६०० किलो धरतात, आणि कपाटं उंच असतील तर आणखी. जुन्या इमारतींचे मजले लाकडी तुळयांवर किंवा लोखंडी गर्डरांवर आहेत आणि ते बांधताना हे मानक अस्तित्वातच नव्हतं. त्यांवर दरवर्षी एक-दोन लोखंडी कपाटं वाढत गेली. जमीन मधे दबली, दारं घासू लागली, आणि आपण म्हणालो इमारत म्हातारी झाली. पुष्कळदा ती म्हातारी झालेली नसते, ओझ्यानं वाकलेली असते. वरच्या मजल्यावरची कपाटं उतरवून तिथं माणसं बसवली, तर पुनर्वापराचं निम्मं काम होतं.

कपाटं सरसकट तळमजल्यावर आणा, असाही नियम करू नये. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचे जुने, दुर्मीळ ग्रंथ पाण्यात गेले. सोलापुरात कृष्णेसारखी नदी दारात नाही, पण एका मुसळधार पावसात सखल पेठांची काय अवस्था होते ते आपण पाहतो. दुर्मीळ ग्रंथ वर, हलक्या कपाटांत. रोजची पुस्तकं खाली. आणि जोत्याची उंची मोजल्याशिवाय काहीच नाही.

मग हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. जुन्या दालनाच्या जाड दगडी भिंती, उंच छत, छताखालचे झरोके ही त्या उन्हाशी केलेली तजवीज आहे. तापलेली हवा वर जाते, झरोक्यातून निघून जाते, खाली माणूस टिकतो. नूतनीकरण म्हणून आपण पहिलं काय करतो? जिप्समचं खोटं छत टाकतो, झरोके झाकतो, खिडक्यांना काच बसवतो आणि एसी लावतो. पुढच्या वर्षी विजेचं बिल परवडत नाही म्हणून एसी बंद राहतो, आणि इमारतीची स्वतःची हवा आपणच बुजवलेली असते. अशा बंद दालनात दुपारी दोन वाजता बसून पाहावं म्हणजे कळेल.

आणि चुना. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, हे कितीदा सांगायचं! दगड आणि चुना ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. सिमेंट ती ओल कोंडून ठेवतं. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, क्षार फुटतात, भिंतीला टेकलेल्या कपाटातली पुस्तकं बुरशी धरतात. चुन्याच्या कामाला वेळ लागतो. आणि निविदेच्या मुदतीत न बसणारी गोष्ट आपण अशक्य समजतो.

नवं काही घालायचं असेल तर कसं घालावं, याचा एक नमुना नेदरलँड्सच्या टिलबर्ग गावात आहे. तेही आपल्यासारखं कापडगिरण्यांचं गाव. तिथं १९३२ ची रेल्वे इंजिनदुरुस्तीची अवाढव्य शेड २०१९ मध्ये ग्रंथालय म्हणून उघडली. आत भिंती बांधल्या नाहीत. दालनं पाडायला छतापासून जमिनीपर्यंत प्रचंड पडदे सोडले, आणि त्यासाठी गावातल्याच वस्त्र-संग्रहालयाची कार्यशाळा कामाला लागली. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीच्या गावात हे सुचायला हवं. जाड सुती कापड आवाज शोषतं, ऊन अडवतं आणि नको झालं की काढता येतं. मूळ भिंतीला खिळासुद्धा न मारता.

५. पुस्तकांचं काय?

बसायच्या हक्कावर मी एवढा भर देतो म्हणून पुस्तकं रद्दीत घाला असा अर्थ कुणी काढू नये. उलट, जागा मोजून वापरायची वेळ आली की कुठलं पुस्तक कुठल्याही दुकानात मिळतं आणि कुठलं फक्त इथंच आहे, हे ठरवावं लागतं. परीक्षांच्या मार्गदर्शकांच्या जुन्या आवृत्त्या आणि एकाच कादंबरीच्या सात प्रती बाद करायला हरकत नाही. पण या शहराची स्मृती कागदावर आहे आणि ती अनेक भाषांत आहे. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नड. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांची भाषा तेलुगू. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली तशाच घरातून आले आणि त्यांनी मराठीला अरण्याचे शब्द दिले. १९३० च्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. त्या काळच्या स्थानिक पत्रांचे अंक, पेठांतल्या मंडळांचे अहवाल, गिरणी कामगार संघटनांची पत्रकं हे जिथं कुठं एखाद्या कपाटाच्या तळाशी असेल, ते दुसरीकडे मिळणार नाही. त्यासाठी एक कोरडी, कुलूपबंद खोली आणि एक प्रशिक्षित माणूस हवा. जागेपेक्षा तो माणूस मिळवणं कठीण आहे.

६. काही आक्षेप

‘अभ्यासिका म्हणजे वाचनालय नव्हे.’ हा आक्षेप जुन्या, सच्च्या वाचकांचा आहे आणि त्यातली खंत मी समजू शकतो. परीक्षेसाठी पाठांतर करणारी मुलं कथा-कविता वाचत नाहीत, वर्तमानपत्रातल्या फक्त चालू घडामोडी कापून घेतात. मान्य. पण ही पिढी सक्तीनं का होईना, रोज आठ-दहा तास पुस्तकांच्या सहवासात बसलेली आहे. तिच्या टेबलापासून दहा पावलांवर एक उघडी मांडणी ठेवा, कुलूप नको, अर्ज नको, शंभर पुस्तकं दर महिन्याला बदला. दुपारी डोळे शिणले की हात तिकडं जाईल. बंद काचेच्या कपाटापलीकडचं पुस्तक कुणीच मागायला येत नाही, जुन्या वाचकांचा नातूही नाही.

‘सगळं मोबाइलवर मिळतं.’ मजकूर मिळतो. टेबल, शांतता, पंखा आणि शेजारी अभ्यास करणारा दुसरा माणूस मोबाइलवर मिळत नाही.

‘वारसा इमारतीला हात लावू नका.’ या भूमिकेबद्दल मला आदर आहे, पण न वापरलेली इमारत सर्वांत लवकर पडते. पन्हळ तुंबली हे रोज येणाऱ्याच्याच लक्षात येतं.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. हजारो ग्रंथालयं त्याच्या अनुदानावर तग धरून आहेत. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार मिळणारं ते अनुदान सेवकांचं वेतन आणि ग्रंथखरेदी यांतच संपतं. शंभर वर्षांचं छप्पर उतरवून पुन्हा चढवण्याइतकं त्यात काही उरत नाही. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं तो आहे. विजापूरच्या घरमालकाच्या मालमत्ता करात ग्रंथालयाचा वाटा असतो, सोलापूरच्या नसतो. हा फरक आपण राजकारण्यांना कधी विचारलेलाच नाही.

तोवर इमारतीनं स्वतः काही कमवावं का? कमवावं. सोलापूरला हे नवीन नाही; हिराचंद नेमचंद वाचनालयाचं अॅम्फी थिएटर व्याख्यानांना आणि गाण्याच्या मैफलींना गजबजतं, आणि त्यानं वाचनालयाचं काही बिघडलं नाही. संध्याकाळी एखादं दालन कार्यक्रमाला भाड्यानं द्यावं, आवारात चहाची टपरी असावी, तळमजल्याच्या रस्त्याकडच्या एका खोलीत पुस्तकांचं दुकान असावं. माझी अट एवढीच: कमाईची जागा कडेला, फुकट बसायची जागा मध्यभागी. ज्या दिवशी कार्यक्रमासाठी वाचकांना ‘आज लवकर उठा’ असं सांगावं लागेल, त्या दिवशी इमारत वाचनालयाची राहिली नाही असं समजावं.

७. आराखड्याच्या पहिल्या पानावर

म्हणून माझी मागणी साधी आहे. सोलापुरात यापुढं कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या इमारतीचा आराखडा आला, तर त्याच्या पहिल्या पानावर दर्शनी भागाचं रंगीत चित्र नको. तिथं चार आकडे हवेत: आज फुकट बसायच्या खुर्च्या किती, काम चालू असताना किती आणि कुठं, काम झाल्यावर किती, आणि दार दिवसाचे किती तास उघडं राहणार. मुलींना रात्री नऊपर्यंत निर्धास्त बसता येईल असा दिवाबत्तीचा आणि स्वच्छतागृहाचा नकाशा दुसऱ्या पानावर. छपराचं, चुन्याचं, पडद्यांचं त्यानंतर. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तर आराखडा परत पाठवावा, मग तो कितीही नामवंत वास्तुविशारदाचा असो.

हे सांगायचा अधिकार कुणाला, असं कुणी विचारेल. आपली बहुतेक वाचनालयं सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहेत. १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ नुसार अशा संस्थेची इमारत धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. त्याआधी विषय बहुधा सर्वसाधारण सभेसमोर येतो, आणि त्या सभेत दहा-बारा माणसं असतात. आपल्या पेठेतल्या वाचनालयाचे सभासद व्हा. वर्षाची वर्गणी फार नसते. सभेची नोटीस वाचनालयाच्या फलकावर लागते. ती वाचा, आणि त्या दिवशी हजर राहा.